न जाणारं दुखणं

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेत गावोगावच्या जत्रांमधून कुस्त्या लागत. त्यात तोंडावर बुरखा चढवून ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावाने उतरणारा एक मल्ल होता. बुरख्याआड होता वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी. फीचे पैसे त्याला आखाड्यातून मिळत. त्याचं नाव जॉन बोनिका. सिसिलीजवळच्या फिलिकुडी बेटावर १९१७ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच न्यूयॉर्कला आला होता. पुढे तो भूलतज्ज्ञ झाला. युद्धकाळात लष्करी इस्पितळात काम करताना डॉ. बोनिकांना कोड्यात टाकणारे रुग्ण भेटले. जखम भरून आलेली, टाके सुकलेले, पण दुखणं जागच्या जागी. एकट्या डॉक्टरला हे सुटणारं नाही हे ओळखून त्यांनी भूलतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर, मेंदूतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ अशा सगळ्यांना एकाच रुग्णासाठी एकत्र बसवायला सुरुवात केली. १९५३ मध्ये त्यांनी वेदनेवर सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ लिहिला. १९७३ मध्ये जगभरच्या संशोधकांची परिषद भरवली आणि तिच्यातून वेदनेचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

या सगळ्या काळात बोनिकांचं स्वतःचं अंग दुखत होतं. आखाड्यातल्या दुखापती त्यांना जन्मभर पुरल्या. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, तरी १९९४ मध्ये ते गेले तोवर दुखण्याने त्यांची पाठ सोडली नाही. वेदनेचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांनाच आपली वेदना घालवता आली नाही. तरीही ते शिकवत राहिले, लिहीत राहिले, जगभर फिरत राहिले. काही दुखणी जात नाहीत. ती गेल्यावरच जगायला लागू, असं म्हणत बसलं तर वर्षं जातात आणि दुखणं तिथेच राहतं. मग त्याच्यासकट जगायचं कसं, आणि गोळीवाचून त्याचा जोर किती कमी करता येतो, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

चटका बसला की हात मागे येतो, पाय मुरगळला की आपण तो टेकत नाही. हे दुखणं कामाचं. इजा झालेला भाग भरून यायला सहसा तीन महिने पुरतात. त्याच्या पुढे रेंगाळणारं किंवा परत परत उलटणारं ते जुनाट दुखणं, अशी रेघ वैद्यकशास्त्राने आखली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी सूची २०२२ पासून लागू झाली. तिच्यात या दुखण्याला पहिल्यांदाच स्वतःचं घर मिळालं, आणि त्यातला एक प्रकार तर असा की दुखणं हाच आजार. मागे दुसरं काही सापडलंच पाहिजे अशी अट नाही. सर्वांग दुखवणारा फायब्रोमायल्जिया यात येतो, जुनी कंबरदुखीही बऱ्याचदा यातलीच असते. ‘रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत हो तुमच्या’ हे ऐकून दवाखान्याच्या पायऱ्या उतरलेल्या बायका आपल्याकडे थोड्याथोडक्या नाहीत. त्यांच्या दुखण्याची निदान सूचीत तरी नोंद झाली.

मन आणि शरीर यांची इतकी सोपी वाटणी होत नाही, हे दाखवणारा एक किस्सा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९९५ साली छापून आला होता. बांधकामावरच्या एका २९ वर्षांच्या कामगाराने उडी मारली ती नेमकी १५ सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार वर आला. पाय जरा हलला तरी जीव जातोय असं त्याला होई, म्हणून इस्पितळात आधी जोरदार वेदनाशामक आणि गुंगीचं औषध द्यावं लागलं. मग बूट काढून पाहिलं, तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला. पायाला ओरखडाही नाही! तो माणूस ढोंग करत नव्हता. त्याला खरोखर दुखत होतं. समोर दिसतंय त्यावरून धोका किती मोठा हे मेंदूने ठरवलं आणि तेवढ्याच मापाची वेदना तयार केली.

याची उलटी बाजू एमआरआयच्या फिल्ममध्ये दिसते. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबतेय’ ही वाक्यं आपल्या घराघरांत पोचलेली आहेत. ती ऐकल्यापासून माणूस वाकायला घाबरतो. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या २०१५ मध्ये एकत्र करून पाहिल्या गेल्या. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीच्या घरात तर ९६ टक्के. फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांना आणि ऐंशीत ८४ टक्क्यांना. आणि हे सगळे ठणठणीत! झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं धरून चालता येत नाही ते यामुळे.

अर्थात फिल्म कधी काढायचीच नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दुखण्याबरोबर ताप, घटतं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तरी तपासणी टाळायची नाही. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे आणि तो सुरुवातीला साध्या पाठदुखीचंच सोंग घेऊन येतो. असली दुखणी अंगावर काढण्यात काही शौर्य नाही. पुढे जे सांगितलंय ते या शंका फिटल्यानंतरचं.

मग काही बिघडलेलं नसताना दुखतं का? सोसायटीत एकदा चोरी झाली की नंतर काही दिवस वॉचमन मांजर भिंतीवरून गेलं तरी शिट्टी फुंकतो, तसं मज्जासंस्थेचं होतं. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. इजेचे संदेश सतत येत राहिले तर पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशीच हळव्या होऊन बसतात. पूर्वी ज्याची दखल घेतली नसती तो स्पर्शही मग दुखणं म्हणून वर पाठवला जातो. त्याआधी १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी सांगितलं होतं की खालून आलेला संदेश जसाच्या तसा मेंदूपर्यंत जात नाही. वाटेत एक दार असतं. ते किती उघडायचं हे इतर संवेदनांवर आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या हुकुमांवरही ठरतं. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो, तेव्हा हे दार थोडं लोटूनच घेत असतो. अपुरी झोप, भीती, एकटेपणा, ‘आता आपलं काही खरं नाही’ हा घोकलेला विचार, यांनी दार उघडं राहतं. नेमकी हालचाल, स्वस्थ झोप, आवडीचं काम यांनी ते लोटलं जातं. गोळीशिवायचे सगळे उपचार या ना त्या वाटेने हेच करू पाहतात.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. ताज्या दुखण्यात चार दिवस त्या घेण्यात काही वावगं नाही. वर्षानुवर्षं घेतल्या की जठर आणि मूत्रपिंड त्यांची किंमत मोजतात. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे त्यांची मढी खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि भारताला २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. माणूस गिधाड नाही हे खरं, पण तेच औषध मेडिकलच्या दुकानातून शेंगदाण्यासारखं आणून खाणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकलेली बरी. अफूच्या कुळातली औषधं तरी जुन्या दुखण्यावर जास्त चालत असतील? अमेरिकेत कंबर, गुडघे आणि खुबे दुखणाऱ्या २४० रुग्णांवर वर्षभर चाललेल्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. साध्या वेदनाशामकांपेक्षा ती तसूभरही सरस ठरली नाहीत. मात्र चालू असलेली गोळी आपल्या मनाने तोडायची नाही, विशेषतः नसांच्या दुखण्यावरची. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते.

आता हालचाल. कंबर धरली की आडवं पडायचं, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर १९९५ मध्ये तो तपासला गेला. काहींना अंथरुणावर विश्रांती, काहींना व्यायाम, आणि काहींना सांगितलं की झेपेल तेवढं रोजचं काम करत राहा. सगळ्यात लवकर सावरले ते हे तिसरे. विश्रांतीवाले मागे पडले.

पण ‘काम करत राहा’ हा अर्धाच सल्ला झाला, कारण आपल्याकडे काम करण्याची रीत वेगळी आहे. दिवाळी आठवडाभरावर आली की कंबरदुखी असलेली गृहिणी ज्या दिवशी जरा बरं वाटतं त्या दिवशी पदर खोचते. माळ्यावरचे डबे उतरतात, पंखे पुसले जातात, लगोलग चकलीची भाजणी आणि करंज्या. संध्याकाळपर्यंत ती ताठ असते. दुसऱ्या दिवशी कूस बदलता येत नाही. मग चार दिवस अंथरूण, गोळ्या आणि ‘मला हालचाल सोसतच नाही’ हा पक्का होत जाणारा समज. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तोच धडाका. प्रत्येक फेरीत शरीराची झेप थोडी थोडी आखडते. मला विचाराल तर जुन्या दुखण्याच्या माणसाने पहिल्यांदा शिकायची गोष्ट आसन नाही, ध्यानही नाही. आधी हे चक्र मोडायचं.

ते मोडण्याची रीत वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी बसवली. ते बोनिकांचेच सहकारी. रीत अशी की काम दुखण्यावर सोडायचं नाही, घड्याळावर सोडायचं. समजा ओट्याशी उभं राहून पोळ्या करायच्या आहेत. दोन-तीन दिवस फक्त बघायचं की किती मिनिटांनी कंबर बोलायला लागते. एखाद्या दिवशी वीस मिनिटं निघतात, एखाद्या दिवशी बारा. मग सुरुवात दहा मिनिटांची ठरवायची. मोबाइलवर गजर लावायचा आणि तो वाजला की थांबायचं, दोनच पोळ्या उरल्या असल्या तरीही. पाच मिनिटं टेकायचं किंवा बसून करायचं दुसरं काही हातात घ्यायचं, मग पुन्हा दहा मिनिटं. चांगल्या दिवशी जास्त करायचं नाही, वाईट दिवशी शक्यतो कमी करायचं नाही. आठवडाभर हे निभलं की मिनिटभर वाढवायचं. सगळ्यात अवघड असतो चांगला दिवस. अंगात उत्साह असताना गजराचं ऐकणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि ‘दोन पोळ्यांसाठी कुठे बसता’ म्हणणारं कोणीतरी घरात असतंच. तरी नेटाने केलं तर काही आठवड्यांत मेंदूला वेगळाच पुरावा मिळू लागतो. उभं राहिलो आणि काही बिघडलं नाही. वॉचमनची शिट्टी हळूहळू मंदावते ती अशाने.

चालण्याचंही हेच. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर झालेला एक अभ्यास ‘लॅन्सेट’ने २०२४ मध्ये छापला. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास इथवर पोचायचं. दुखणं परत उलटेपर्यंत चालणाऱ्यांचे साधारण २०८ दिवस गेले, न चालणाऱ्यांचे ११२. चपला घालून बाहेर पडण्याएवढा स्वस्त उपचार दुसरा कुठला? गुडघ्यांच्या दुखण्यात वजनाचाही हिशेब आहे. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो.

योगाकडे वळलं की पुण्याला थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले तेव्हा लहानपणच्या आजारपणांनी झिजलेल्या शरीराचा इतिहास त्यांच्या पाठीशी होता. आखडलेल्या, दुखऱ्या, म्हाताऱ्या माणसालाही आसन करता यावं म्हणून त्यांनी घरातल्याच वस्तू कामाला लावल्या. लाकडी विटा, लोड, पट्टे, खुर्च्या, भिंतीत ठोकलेल्या कड्यांतून सोडलेले दोर. १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत हे सगळं पाहायला मिळतं. यातली हुशारी अशी की स्नायूला भार न देता त्याला आसनाची जागा दाखवता येते. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर टाकल्या की कंबर आपोआप जमिनीला टेकते. काही मिनिटांत श्वास लांब होतो आणि इतका वेळ आपण कंबर आवळून धरली होती हे तेव्हा कुठे लक्षात येतं. जुनी कंबरदुखी असलेल्या ९० जणांवरच्या २००९ च्या एका अमेरिकी चाचणीत, ज्यांनी २४ आठवडे अय्यंगार पद्धतीची आसनं केली त्यांचं दुखणं आणि अडलेली कामं दोन्ही कमी झाल्याचं दिसलं.

आता योगाच्या अभिमान्यांना जरा कडू लागेल अशी गोष्ट. २०११ मध्ये २२८ जणांवर केलेल्या चाचणीत योगवर्ग, अंग ताणण्याच्या साध्या व्यायामाचा वर्ग आणि नुसतं माहितीचं पुस्तक अशी तुलना झाली. पुस्तकापेक्षा योग बराच सरस निघाला. साध्या ताणांच्या व्यायामापुढे मात्र बरोबरीच झाली. मला यात योगाची नाचक्की दिसत नाही. ज्याला आसनं आवडतात त्याने आसनं करावीत, ज्याला पोहायला आवडतं त्याने पोहावं. महिनोन्‌महिने टिकेल तो व्यायाम आपला.

ध्यानाचा रस्ताही महाराष्ट्रातून जातो, पण तो ब्रह्मदेशातून आला. सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी उद्योजक. त्यांना इतकी भयंकर अर्धशिशी होती की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. देशोदेशींचे डॉक्टर झाले, गुण येईना, उलट मॉर्फिनची सवय लागण्याची भीती. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. ऊ बा खिन हे सरकारचे महालेखापाल आणि ध्यानाचे आचार्य. डोकेदुखी थांबवण्यासाठी आला असाल तर शिकवणार नाही, असं त्यांनी आधी सुनावलं. मन शुद्ध करायला या, बाकीचं आपोआप होईल. गोएंका पुढे १९६९ मध्ये भारतात आले आणि इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं.

त्या गुरूंच्या अटीत वेदनाशास्त्राचा मोठा भाग येऊन जातो. दुखणं जावं म्हणून ध्यानाला बसणारा दर दोन मिनिटांनी ‘गेलं का?’ म्हणून चाचपून बघतो, आणि ते चाचपणंच दुखण्याला खतपाणी घालतं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा वर्ग काढला. तिथे डॉक्टरांनी हात टेकलेले जुन्या दुखण्याचे रुग्ण येऊ लागले. त्यांना झोपवून डाव्या पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवावर लक्ष फिरवायला शिकवतात. दुखरी जागा आली की तिला टाळायचं नाही, तिथे मुक्कामही ठोकायचा नाही. इथे उष्ण वाटतंय, इथे ओढ आहे, कडेला ठुसठुस आहे, मधे काहीच नाही, इतकंच टिपून पुढे जायचं. ‘माझी कंबर गेली’ असा जो एकच अजस्र गोळा असतो त्याचे असे तुकडे पडतात, आणि त्यातले काही चक्क सोसण्याजोगे निघतात. २०१६ मध्ये ३४२ कंबरदुखीच्या रुग्णांवर याची चाचणी झाली. सहा महिन्यांनी सजगतेच्या गटातल्या सुमारे ६० टक्के लोकांची रोजची कामं ठळकपणे सुधारली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४४ टक्क्यांची. विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी सीबीटी हीसुद्धा सजगतेच्या जवळपासच होती. म्हणजे फायदा खरा, पण दर शंभरांतल्या जेमतेम सोळा जादा माणसांचा. चमत्कार सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. शिवाय ही चाचणी आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गाची आहे, विपश्यनेच्या दहा दिवसांच्या मौन शिबिराची नाही. इतके तास बसणं ज्याच्या कंबरेला झेपणार नाही त्याने आधी घरी पंधरा मिनिटं झोपून सुरुवात केली तरी चालेल.

बाकीच्या उपचारांत फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. जर्मनीत ११६२ रुग्णांवर अ‍ॅक्युपंक्चरची चाचणी झाली. शास्त्रोक्त जागी सुया टोचलेल्यांतले सुमारे ४८ टक्के सुधारले, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांतले ४४ टक्के, आणि औषध-व्यायामाचा रूढ उपचार घेणारे फक्त २७. सुईची जागा कुठली याला फारसं महत्त्व नसावं, पण कोणीतरी अर्धा तास लक्ष देऊन हात लावतं याला नक्कीच असावं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर नको म्हटलं आणि २०२१ मध्ये दुखणं हाच आजार असलेल्यांसाठी चालेल म्हटलं, यावरून एकंदर गोंधळाची कल्पना यावी. आपल्याकडे गल्लोगल्ली मिळणारा करंटचा शेक आणि अल्ट्रासाउंड यांना मात्र दोन्ही वेळा नकार मिळाला. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं यांनाही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी नेहमीचा उपचार म्हणून नको म्हटलं. मालिशला मात्र ठेवलं. आजीचं कोमट तेल आणि गरम पाण्याची पिशवी बिनधोक आहे. फक्त त्या सैलावलेल्या तासाभरात चालून यावं, तेल लावून झोपून राहू नये.

राहिली घरची माणसं. फोर्डाइस यांनी टिपलं होतं की रुग्ण कण्हला की सगळे धावतात आणि तो चार पावलं चालला तर कोणी बघत नाही. त्यांनी हे उलटं करायला सांगितलं. माया कमी करायची नाही, ती चालण्याच्या, उठण्याच्या, काम करण्याच्या बाजूला लावायची. ‘आई, आज जास्त दुखतंय का?’ हा प्रश्न दिवसातून पाच वेळा विचारण्याऐवजी ‘आज कोपऱ्यापर्यंत गेला होतात का, वाटेत कोण भेटलं?’ असं विचारावं. आणि सगळी कामं काढून घेऊ नयेत. चाळीस वर्षं ज्या स्वयंपाकघरावर हुकमत होती तिथून सासूबाईंना ‘तुम्ही बसा हो’ म्हणून हॉलमधल्या सोफ्यावर पाठवलं की त्यांना दिवसभर दुखण्याखेरीज करायला काही उरत नाही. त्यापेक्षा ओट्याच्या उंचीचं एक स्टूल आणावं आणि भाजी त्यांच्याकडेच राहू द्यावी.